नापा-सोनोमात घर घेताना: आधी विमा, मग पाणी, घर सगळ्यात शेवटी

नापा आणि सोनोमा या कॅलिफोर्नियातल्या वाईनच्या द्राक्षांच्या भागातल्या घरांच्या जाहिरातींत जे फोटो दिसतात ते बहुतेक वेळा फेब्रुवारीतले असतात. द्राक्षवेलींच्या ओळींमधून पिवळीधमक मोहरी फुललेली, मागे हिरवेगार डोंगर. मे उजाडला की तेच डोंगर वाळल्या गवताच्या रंगाचे होतात आणि नोव्हेंबरचा पाऊस येईपर्यंत तसेच राहतात. म्हणून घर बघायला सप्टेंबरच्या शेवटी जावं. तेव्हा विहिरींचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं, वणव्यांचा हंगाम भरात असतो आणि काढणीचे ट्रक रस्ता अडवून चाललेले असतात. घराची खरी परिस्थिती कळायला याहून सोयीचा महिना नाही.

इथं घर घेणाऱ्यांचं गणित चुकतं ते क्रमात. आधी ओसरीवरून दिसणाऱ्या बागेवर जीव जडतो, मग बोली लागते, इसार भरला जातो, आणि त्यानंतर विमा, पाणी, सांडपाणी आणि परवाने यांची चौकशी सुरू होते. क्रम नेमका उलटा हवा. ३०-४० लाख डॉलरच्या घरातलं न आवडलेलं स्वयंपाकघर सहा महिन्यांत बदलता येतं. आटलेली विहीर, विमा कंपन्यांनी टाकून दिलेला डोंगर आणि जमिनीवरचं सरकारी बंधन यांतलं काहीच पैशांनी चटकन बदलत नाही.

खोरं, डोंगर की गाव

नापा खोरं लांबीला साधारण ३० मैल आणि सर्वांत रुंद जागी जेमतेम पाच मैल. दक्षिणेच्या सान पाब्लो उपसागरावरून थंड वारं आणि धुकं आत शिरतं, त्यामुळे कार्नेरोस भाग गार आणि दुपारनंतर वाऱ्याचा. उत्तरेच्या कॅलिस्टोगापर्यंत त्याचा जोर सरतो आणि उन्हाळ्यात तिथं कडक ऊन असतं. पोहण्याचा तलाव आणि त्याभोवतीच्या जेवणावळी हे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांनी कार्नेरोसमधलं घर घेण्याआधी जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी पाच वाजता तिथल्या अंगणात अर्धा तास बसून बघावं.

खोऱ्याच्या तळाशी, म्हणजे ओकव्हिल, रदरफर्ड, सेंट हेलेना या पट्ट्यात, जमीन सपाट आणि पाणी तुलनेनं बरं, पण हायवे २९ ची रहदारी आणि शेजारच्या बागांतले आवाज सोबत येतात. माउंट व्हीडर, स्प्रिंग माउंटन, अ‍ॅटलस पीक, हॉवेल माउंटन या डोंगरांवर शांतता आणि दृश्य दोन्ही मिळतं. हॉवेल माउंटनचं द्राक्षक्षेत्र तर १,४०० फुटांच्या वरच सुरू होतं, म्हणजे सकाळी खाली धुक्याची दुलई आणि आपल्या अंगणात कोवळं ऊन. मात्र विमा, पाणी आणि रस्ता या तिन्ही डोकेदुखी तिथंच सर्वाधिक. तिसरा पर्याय गावातला: यूंटव्हिल, सेंट हेलेना, हील्ड्सबर्ग, सोनोमा. भूखंड लहान, पण नळाचं पाणी, गावाचं मलनिस्सारण आणि चालत जाण्याच्या अंतरावर सगळं. वर्षातले ४०-५० दिवसच राहणार असाल तर गावातलंच घर घ्यावं. दहा एकरांची मालकी ही राखण मागते, आणि ती शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परतणाऱ्याच्या हातून होत नाही.

सोनोमा काउंटी (म्हणजे जिल्हा) नापापेक्षा बरीच मोठी, पार प्रशांत महासागरापर्यंत पसरलेली. दरातही फरक आहे: त्याच पैशांत सोनोमात साधारणपणे जास्त जमीन मिळते. रशियन नदीकाठची घरं स्वस्त दिसली तर कारण विचारावं लागत नाही. गर्नव्हिल परिसर १९८६, १९९५ आणि २०१९ साली पाण्याखाली गेला होता.

पहिली पायरी: बोली लावण्याआधी विमा

ऑक्टोबर २०१७ मध्ये टब्स, अ‍ॅटलस आणि नन्स हे वणवे एकाच वेळी पेटले, आणि सांता रोझातली फाउंटनग्रोव्हसारखी सुखवस्तू वस्ती बेचिराख झाली. २०१९ मध्ये किनकेड आणि २०२० मध्ये ग्लास वणव्याची भर पडली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी इथल्या डोंगरांवर नव्या पॉलिसी देणं थांबवलं किंवा जुन्या नूतनीकरणाला आल्यावर सोडून दिल्या. विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि रोखीनं घर घेतलं तरी विकताना पुढच्या खरेदीदाराला कर्ज लागणारच असतं.

तेव्हा बोली लावण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पत्ता देऊन किमान दोन दलालांकडून लेखी दर मागवा; तोंडी अंदाज धरू नका. विकणाऱ्याकडून त्या घराच्या जुन्या दाव्यांचा क्लू अहवाल मागा. तो मालकालाच काढता येतो. आणि कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन खात्याच्या नकाशावर ते घर मध्यम, उच्च की अतिउच्च धोक्याच्या पट्ट्यात येतं ते स्वतः बघा.

कुठलीच नेहमीची कंपनी तयार नसेल तर उरतो कॅलिफोर्निया फेअर प्लॅन. हा शेवटचा आसरा आहे आणि त्याची मर्यादा नीट समजून घ्यावी. निवासी घराला इमारत, सामान वगैरे सगळं मिळून कमाल ३० लाख डॉलरचं संरक्षण मिळतं. ४,००० चौरस फुटांचं उंची घर चौरस फुटाला १,००० डॉलर दरानं पुन्हा बांधायचं म्हटलं तर नुसत्या बांधकामालाच ४० लाख लागतील. सामान आणि वर्षभराचं भाडं वेगळंच. शिवाय फेअर प्लॅन मुख्यतः आग आणि धुरासाठी आहे. चोरी, नळ फुटून झालेलं नुकसान, पाहुणा घसरून पडला तर येणारी जबाबदारी यांसाठी दुसरी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. वरच्या रकमेसाठी बऱ्याचदा राज्याच्या परवानाधारक यादीबाहेरच्या कंपन्यांकडे जावं लागतं. त्या उंची घरं स्वीकारतात, पण अशी कंपनी बुडाली तर राज्याची हमी योजना तिच्या दाव्यांना लागू होत नाही.

आणखी एक खाच. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिल्या ६० दिवसांत कंपनी माणूस पाठवून घर बघते, आणि या काळात तिला पॉलिसी रद्द करणं सोपं असतं. छपरावर टेकलेली ओकची फांदी, भिंतीला लागून रचलेला लाकूडफाटा, लाकडी जिन्याखालचं अडगळीचं सामान ही रद्द होण्याची नेहमीची कारणं. म्हणून ताबा मिळण्याआधीच ही कामं विकणाऱ्याकडून करून घ्यावीत.

घराची रचना बघताना बांधकामाचं साल विचारा. वणव्याला तोंड देणाऱ्या बांधकामाचे कडक नियम, म्हणजे इमारत संहितेतलं प्रकरण ७-ए, २००८ पासून लागू झाले. घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी पेटत नाहीत, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि त्या शिरतात पोटमाळ्याच्या झरोक्यांतून. झरोक्याच्या जाळीची भोकं अष्टमांश इंचाहून मोठी नसावीत. भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत झुडूप, पालापाचोळा, लाकडी कुंपण काही नको. राज्याच्या अखत्यारीतल्या वणवाप्रवण भागात घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. उच्च वा अतिउच्च पट्ट्यातल्या घराच्या विक्रीत या सफाईचा दाखला लागतो. तो विकणाऱ्याकडे नसेल तर एका वर्षाच्या आत मिळवण्याची जबाबदारी करारात खरेदीदाराकडे टाकता येते, आणि हे कलम तिसाव्या पानावर असल्यानं वाचलं जात नाही.

इथं एक मत स्पष्ट नोंदवायला हवं. २०१७ नंतर जळून पुन्हा बांधलेलं घर म्हटलं की लोक बिचकतात. वास्तविक देवदाराच्या फळ्यांनी मढवलेल्या १९७०च्या दशकातल्या देखण्या घरापेक्षा ते बहुधा जास्त सुरक्षित आणि विम्याला सोपं असतं. फक्त राडारोडा काढल्याचा आणि सेप्टिक टाकी पुन्हा मंजूर झाल्याचा कागद बघून घ्यावा.

रस्त्याचंही बघा. डोंगरावरच्या घराला बाहेर पडायला एकच वाट असेल, तीही दोन गाड्या जेमतेम सुटतील एवढी, तर अग्निशामक ट्रक आत यायला कचरतो. फाटक वीज गेल्यावर हातानं उघडतं का, हे स्वतः उघडून बघा. जोरदार वाऱ्याच्या दिवसांत वीज कंपनी खबरदारी म्हणून पुरवठा बंद करते, कधी कधी दोन-तीन दिवस. वीज गेली की बोअरचा पंप बंद, म्हणजे नळाला पाणीही नाही. त्यामुळे पंप चालवू शकेल असा २४० व्होल्टचा जनरेटर आणि त्याला पुरेसा प्रोपेन हे इथं चैनीत मोडत नाही.

पाणी

गावाबाहेरच्या बहुतेक घरांना बोअरचं पाणी. जाहिरातीत 'मिनिटाला ३० गॅलन' असं लिहिलेलं असतं, तो आकडा कधीचा ते विचारा. बोअर खणली त्या दिवशी हवा सोडून काढलेला अंदाज बहुधा तोच असतो, आणि त्याला आज काही अर्थ नाही. राज्याच्या जलसंपदा विभागाकडे प्रत्येक नोंदलेल्या बोअरचा पूर्णत्व अहवाल असतो. त्यात खोली, लागलेले थर, केसिंग (बोअरच्या आतली नळी) कशाचं आणि वरचं सील कुठपर्यंत ते कळतं. जुनं लोखंडी केसिंग गंजून भोकं पडली असतील तर दुरुस्तीपेक्षा नवी बोअर स्वस्त पडते.

चाचणी किमान चार तास सलग पंप चालवून करावी. सुरुवातीची पाणीपातळी, दर १५ मिनिटांनी ती किती खाली जाते, शेवटी किती गॅलनवर स्थिरावते आणि पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात परत येते, हे चारही आकडे अहवालात हवेत. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. चार तास मिनिटाला १५ गॅलन देऊन मग दोन दिवस न भरणारी बोअर ही मिनिटाला चार गॅलन अखंड देणाऱ्या बोअरपेक्षा वाईट. मिनिटाला ३ गॅलन म्हणजे दिवसाला ४,३२० गॅलन. घर, लहान बाग आणि ५,००० ते १०,००० गॅलनची साठवण टाकी असेल तर एवढ्यात भागतं. वेलींना मात्र भागत नाही. एक एकर-फूट, म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी, सुमारे ३,२५,८५१ गॅलन, आणि एकरभर वेलींना वर्षाला साधारण त्याच्या अर्ध्यापर्यंत पाणी लागू शकतं.

चाचणी मार्चमध्ये झाली असेल तर ती ऑक्टोबरात पुन्हा करण्याची अट घाला. विकणारा तयार नसेल तर पाणी कमी आहे असं धरून किंमत लावा. आधीच्या दोन उन्हाळ्यांत टँकर मागवले होते का, त्याच्या पावत्याही मागा. विकणाऱ्याला हा प्रश्न आवडत नाही. तो लेखीच विचारावा, कारण लेखी उत्तर खोटं निघालं तर विकणारा घराचे दोष उघड करण्याच्या कायद्यात अडकतो.

पाण्याच्या तपासणीत कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेटवर थांबू नका. नापा खोऱ्यात, विशेषतः कॅलिस्टोगाच्या गरम झऱ्यांच्या बाजूला, आर्सेनिक आणि बोरॉन सापडतं. लोह आणि मँगनीज तर सर्रास. आर्सेनिक पिण्याला वाईट, बोरॉन वेलींना. नापा शहराच्या पूर्वेला मिलिकन-सार्को-टुलुके नावाचा पट्टा आहे. तिथला भूजलसाठा घटलेला म्हणून काउंटीनं नव्या वापरावर कडक बंधनं घातली आहेत. त्या पट्ट्यात तलाव, पाहुण्यांचं घर किंवा नव्या वेली असे बेत असतील तर आधी काउंटीकडून लेखी उत्तर घ्या.

बोअर शेजाऱ्याशी सामाईक असेल तर नोंदणीकृत करार हवा: वीजबिल कोणाचं, पंप जळला तर खर्च कसा वाटायचा, टंचाईत कोणाला आधी. जुन्या मालकांची मैत्री होती म्हणून पाणी चालू होतं, अशी व्यवस्था नव्या मालकाला वारशात मिळत नाही.

सांडपाणी आणि बेडरूमचा हिशेब

सेप्टिक व्यवस्था बेडरूमच्या संख्येवर मंजूर होते. जाहिरातीत पाच बेडरूम आणि काउंटीच्या दप्तरी तीनची मंजुरी, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की कागद बघितल्याशिवाय जाहिरातीतला आकडा मोजूच नये. टाकी उपसून आतून बघा आणि शोषचरांत, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या चरांत, पाणी सोडून ते जिरतं का याची चाचणी करा. शोषचर आणि बोअर यांत १०० फूट अंतर लागतं.

जास्त गोंधळ होतो राखीव जागेचा. शोषचर निकामी झाले तर नवे घालायला तेवढीच दुसरी जागा नकाशात राखून ठेवलेली असते. मधल्या मालकानं त्याच जागेवर वेली लावल्या किंवा पेतांक या गोळ्यांच्या खेळाचं मैदान केलं, तर कागदावरची जागा प्रत्यक्षात उरलेली नसते. मातीत पाणी जिरत नसेल तर उंचवट्याची किंवा आधी प्रक्रिया करणारी यंत्रणा बसवतात. ती चालते, पण तिचा परवाना, तपासणी आणि देखभाल हा खर्च दरवर्षीचा.

जमिनीवर काय करता येतं आणि काय नाही

नापा आजही शेतजमिनीचं खोरं राहिलं ते अपघातानं नाही. १९६८ साली काउंटीनं कृषी संरक्षण क्षेत्र घोषित केलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. आज खोऱ्याच्या तळाशी नवा तुकडा ४० एकरांहून लहान पाडता येत नाही, आणि डोंगरउतारांच्या पाणलोट भागात १६० एकरांहून. आधीपासून लहान असलेले भूखंड विकत घेता येतात, पण १२ एकर घेऊन सहा-सहाचे दोन करू असा हिशेब असेल तर तो सोडून द्यावा. शेतीची जमीन दुसऱ्या वापराला द्यायची तर मतदारांची मंजुरी लागते, आणि २००८ च्या मतदानानं हा नियम २०५८ पर्यंत वाढवला आहे. बंधन आहे म्हणूनच समोरच्या बागेच्या जागी उद्या वसाहत उभी राहत नाही, हेही खरं.

भाड्यानं देऊन खर्च काढू, हा दुसरा लोकप्रिय बेत. नापा काउंटीच्या गावाबाहेरच्या भागात ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीनं घर भाड्यानं देता येत नाही. नापा शहरात मोजकेच परवाने. सोनोमा काउंटीत परवाना मिळतो, पण काही पट्टे पूर्ण बंद, काहींत संख्येवर मर्यादा. 'सध्या भाड्यातून एवढं उत्पन्न' असं विकणाऱ्यानं दाखवलं तरी तो परवाना घराबरोबर आपल्याकडे येईलच असं समजू नका. पर्मिट सोनोमा या काउंटीच्या परवाना विभागाकडे त्या पत्त्यासाठी विचारा.

वाईनरी काढायची असेल तर नापात १९९० च्या नियमानुसार किमान १० एकर आणि स्वतंत्र वापर-परवाना लागतो. घरासमोर तीन एकर वेली आहेत एवढ्यानं वाईन विकता येत नाही. घरात पिण्यापुरती करायला मुभा आहे: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन. त्यातली एकही बाटली विकायची नाही.

विल्यमसन कायद्याचा करार आहे का हे मालकी अहवालात बघा. १९६५ च्या या कायद्यानुसार मालक जमीन शेतीतच ठेवण्याचं वचन देतो आणि त्या बदल्यात मालमत्ता कर कमी लागतो. करार दहा वर्षांचा, पण दरवर्षी आपोआप पुढे सरकतो आणि जमिनीबरोबर नव्या मालकाला चिकटतो. नूतनीकरण नाकारलं तरी सुटायला उरलेली वर्षं काढावी लागतात. लगेच रद्द करायचं तर काउंटीची मंजुरी आणि जमिनीच्या बंधनमुक्त किमतीच्या १२.५ टक्के शुल्क.

उतारावर ५ टक्क्यांहून अधिक चढ असेल तर नापात वेली लावायला धूप-नियंत्रणाचा आराखडा लागतो, आणि ३० टक्क्यांच्या वर खास परवानगीशिवाय खोदकामच करता येत नाही. तयार बाग घेताना हा आराखडा मंजूर होता का ते विचारा.

घराच्या परवान्यांची फाइल मात्र स्वतः वाचावी. गोठ्याचं पाहुणेघर झालं, ट्रॅक्टरच्या शेडचा व्यायामकक्ष झाला, हे बिनपरवान्याचं असेल तर ते क्षेत्रफळ बँकेच्या मूल्यांकनात बहुधा धरलं जात नाही आणि विमा कंपनीही दाव्याच्या वेळी बोट ठेवते. चौरस फुटांचा दर काढताना ते वजा करा.

शेजारच्या वाईनरीचाही वापर-परवाना मागून घ्या. तो सार्वजनिक कागद आहे. दिवसाला किती पाहुणे, वर्षाला किती समारंभ, किती वाजेपर्यंत संगीत, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

वेली: शोभेच्या की पिकाच्या

आधी समोर दिसणाऱ्या वेली कोणाच्या ते बघा. बऱ्याचदा त्या शेजाऱ्याच्या असतात. मग खर्च नाही, पण हक्कही नाही. स्वतःच्या असतील तर त्या कोणाला कसायला दिल्या आहेत, भाडेकरार कधी संपतो, द्राक्षं घेण्याचा करार कोणाशी आणि किती वर्षांचा, हे कागद मागा. भाडेकरार जमिनीबरोबर चालू राहतो. उद्या वेली उपटून लॉन करायचं म्हटलं तरी करता येत नाही.

एकराला ३-४ टन कॅबर्ने (लाल वाईनचं द्राक्ष) हे नापातलं नेहमीचं पीक, आणि एका टनातून साधारण ७०० बाटल्या. दोन एकरांच्या बागेचं गणित यातून मांडता येतं. बागेची देखभाल करणाऱ्या कंपन्यांचा खर्च वजा केल्यावर लहान बागेत क्वचितच काही उरतं. शिवाय बाजाराचा भरवसा नाही: २०२४ मध्ये खरेदीदार न मिळाल्यानं कॅलिफोर्नियात कित्येक बागांतली द्राक्षं वेलींवरच राहिली. दोन एकरांच्या वेलींकडे बागकामाचा खर्च म्हणून बघितलं तर मनस्ताप होत नाही.

बाग बघायला जाणकार माणूस न्यावा आणि त्याला घराएवढाच वेळ द्यावा. वेलींचं वय, वाण आणि खुंट कोणता ते विचारा. १९८०च्या दशकात इथं एएक्सआर-१ या खुंटावर भिस्त ठेवली गेली. त्याला फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड लागली आणि हजारो एकर बागा उपटून नव्यानं लावाव्या लागल्या. आज काळजी विषाणूंची. लीफरोल आणि रेड ब्लॉच झालेल्या लाल वाणांची पानं शरदात सुंदर लाल होतात. फोटोत ती बाग मोहक दिसते, पण द्राक्षांत साखर नीट चढत नाही आणि औषध नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं-देठ प्रयोगशाळेत पाठवून चाचणी करता येते. ओढ्याच्या बाजूच्या ओळींतच वेली मेलेल्या दिसल्या तर पिअर्स रोगाचा संशय घ्यावा. त्याचा जिवाणू पसरवणारा तुडतुडा ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात राहतो. बाग उपटून नव्यानं लावली तर विकण्याजोगं पहिलं पीक हाती यायला तिसरं वर्ष उजाडतं.

आता आवाजाचं. मार्च ते मेच्या थंड पहाटे दव गोठू नये म्हणून मोठे पंखे सुरू होतात, हेलिकॉप्टर अंगणात उतरल्यासारखे. भुरीसाठी गंधकाची धुरळणी वारा पडलेला असताना, म्हणजे रात्री किंवा पहाटे. काढणीही रात्री, प्रखर दिव्यांखाली. तक्रार करून उपयोग नाही. शेतीच्या हक्काचा कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं आहे आणि विक्रीच्या कागदांत तशी सूचना असते. झोप सावध असेल तर बेडरूम कोणत्या दिशेला आहे ते बघा.

पैसा आणि कागद

१७ ऑगस्ट २०२४ पासून एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. त्यात मोबदला किती आणि मुदत किती हे ठरतं. पहिल्याच भेटीत लांब मुदतीचा करार करू नका. एका घरापुरता किंवा ३० दिवसांचा करता येतो. शहरात काम करणारा एजंट कितीही हुशार असला तरी बोअर आणि सेप्टिकची भाषा न कळणारा इथं चालत नाही.

राज्यातल्या प्रचलित करारनाम्यात तपासणी, मूल्यांकन आणि कर्ज यांसाठी १७ दिवसांची मुदत छापलेली असते. गावाबाहेरच्या मालमत्तेला ती पुरत नाही: बोअरवाला, सेप्टिकवाला, भूमापक आणि विमा दलाल यांच्याच तारखा जुळत नाहीत. ३० दिवस मागा. इसार साधारण किमतीच्या ३ टक्के. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरात करार मोडल्याची भरपाई म्हणून विकणाऱ्याला कायद्यानं तेवढीच ठेवता येते. तपासणी, मूल्यांकन आणि कर्जाच्या या अटी आपोआप गळून पडत नाहीत, आपण सही करून काढतो, त्यामुळे एकेका अटीवर सही करताना त्या विषयाचा कागद हातात असू द्या.

मोठ्या जमिनीच्या घराला मूल्यांकनात अडचण येते, कारण तुलनेला तशी घरंच कमी विकलेली असतात. नेहमीच्या गृहकर्जवाल्या बँका उत्पन्न देणाऱ्या बागेची किंमत धरायला नाखूश असतात, तेव्हा शेतीकर्ज देणाऱ्या संस्थेकडेही विचारून ठेवा.

मालकी अहवालात वहिवाटीच्या नोंदी, पाइपलाइनचे हक्क आणि रस्त्याच्या देखभालीचा करार शोधा. जमीन-संवर्धनाचं कायमचं बंधन असेल तर त्याचा मूळ दस्तऐवज पूर्ण वाचा. ते उठत नाही. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. दहा एकरांच्या वर मोजणी करून घ्यावीच.

विकणाऱ्याचं करबिल बघून हुरळून जाऊ नका. मतदारांनी मंजूर केलेल्या १९७८ च्या प्रपोझिशन १३ या करनियमामुळे करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते, म्हणून ३० वर्षांच्या जुन्या मालकाचं बिल किरकोळ असतं. विक्री झाली की ती नव्या किमतीवर जाते: मूळ दर १ टक्का, वर स्थानिक आकार. ४० लाखांच्या घराला वर्षाला ४० हजार डॉलरच्या पुढे. ताबा घेतल्यावर काही महिन्यांनी फरकाचं पुरवणी बिल येतं. ते बँकेच्या मासिक हप्त्यातून सहसा भरलं जात नाही आणि थेट घरी येतं.

विकणारा अमेरिकेच्या करकायद्याच्या दृष्टीनं परदेशी व्यक्ती असेल तर किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून अमेरिकेच्या कर खात्यात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. काही सवलती वगळता ती चुकली तर कर खातं खरेदीदाराच्याच मागे लागतं.

भूकंप आणि पूर घरविम्यात नसतात. २४ ऑगस्ट २०१४ ला नापाजवळ ६.० तीव्रतेचा धक्का बसला होता. त्यानंतर विटांची धुरांडी आणि पाया यांची दुरुस्ती झाली का ते अभियंत्याकडून बघून घ्या. नदीकाठी पूरविमा घ्यायचा तर सरकारी योजनेत इमारतीला कमाल २.५ लाख डॉलर मिळतात, उरलेलं खासगी.

ताब्याच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी मारताना पंप, जनरेटर, फाटक आणि ठिबकचे व्हॉल्व्ह विकणाऱ्याच्या माणसाकडून एकदा चालवून घ्या आणि मोबाइलवर चित्रण करून ठेवा. व्हॉल्व्हचा नकाशा कुणाकडेच नसतो. विमा कंपनीचा माणूस पहिल्या ६० दिवसांत येईल, त्याआधी छपराची पन्हळं साफ, भिंतीजवळचे पाच फूट मोकळे आणि ओकच्या फांद्या छाटलेल्या असाव्यात.